चाकाची वळचण

रखमाजीच्या घरात कुठलीही वस्तू नावं ठेवून घेतल्याशिवाय उंबऱ्याच्या आत आली नाही. बैल असो, विहिरीवरची मोटार असो, नाहीतर भाच्याच्या लग्नातला आहेर असो, रखमाजी, म्हणजे आबा, आधी आपल्या लेकीला, स्नेहलला, त्या वस्तूपुढे नेऊन उभं करायचे आणि म्हणायचे, "हां, ठेव नावं."

याची सुरुवात झाली बेल्ह्याच्या बैलबाजारात. स्नेहल तेव्हा परकर-पोलक्यात होती. आबांनी तिला दावणीला बांधलेले बैल दाखवले. बाकीच्यांना ती नुसतं "चांगलाय" म्हणाली, पण एका पांढऱ्या बैलापुढे थांबून तिने त्याची सालटीच काढली. एक कान फाटका आहे, तिरका चालतो, तोंडातून लाळ गाळतो, आणि माणसाकडे असं बघतो जसं काही माणसानेच त्याची वैरण खाल्लीय. आबांनी ऐकून घेतलं, धोतराला हात पुसला आणि नेमका तोच बैल घेतला. घरी येईपर्यंत ती मुसमुसत होती. गावाच्या वेशीजवळ आल्यावर आबा म्हणाले, "बाकीच्यांस्नी तू चांगला म्हनलीस. म्हंजी तू त्यांच्याकडं बघितलंच न्हाईस. ह्याला तू नीट बघितलंस. ज्याच्या खोडी म्हाईत हायती, त्याच्यासंगं निभावता येतं."

तो बैल बारा वर्षं राबला, तिरका चालतच.

मग ती घराची रीतच पडली. स्नेहलने नावं ठेवायची आणि ज्याला जास्त नावं पडली ते आबांनी घ्यायचं. ती शिकली, मंचरच्या कॉलेजात ग्रंथपाल झाली, कपाटंच्या कपाटं वाचून काढली, आणि तिच्या जिभेला आणखी पाणी चढलं. दुकानदार तिला बघून कपाळाला हात लावायचे. आबा मात्र शेजारी हाताची घडी घालून, नातवाचं पाठांतर ऐकावं तसे उभे राहायचे. तिच्यासाठी स्थळं आली त्यांनाही तिने भरपूर नावं ठेवली. त्या एकाच बाबतीत आबांनी आपला नियम चालवला नाही. हसून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुझं तुला निभवायचंय." ती बिनलग्नाची राहिली. निरगुडसरच्या घरात आबा, स्नेहल आणि आबांची थोरली बहीण ठमाबाई अशी तीन माणसं. धाकटा भाऊ अमृत चिंचवडला कंपनीत.

आबांची जीप जुनी होती, वरून कापडी हूड, बाजूंनी उघडी. शेतीला ती लागायचीच, पण तिचं खरं काम रविवारचं. रविवारी बापलेक नारायणगाव, जुन्नर, आपटाळे, चावंड करत घाटघरला जायचे. कशाला, तर उगाच. धुक्यात जीप लावायची, घरून आणलेला चहा प्यायचा, चार वाक्यं बोलायची आणि परतायचं. तिच्या मैत्रिणींना हे सांगून कळलं नसतं, म्हणून तिने कधी सांगितलं नाही. एका भादव्यात घाटघरच्या अलीकडे भातखाचराच्या कडेला जीप फसली. गावच्या माणसांनी दोर लावून ओढून काढली, वर भाकरी खाऊ घातली. भाकरी खाताना एक म्हातारा म्हणाला, "पावणं, गाडी नाजूक दिसती." एवढंच. पण आबांना ते लागलं. पुढच्या वैशाखात त्यांनी रुंद, जाड नक्षीची चाकं आणून जीपला चढवली.

चाकं चढली आणि मडगार्डाच्या बाहेर चांगली वीतभर आली. आता त्या बाहेर आलेल्या भागावर काहीतरी छप्पर हवं. पुण्याच्या नाना पेठेत त्याला फ्लेअर म्हणतात. जुन्नरचा कासम, जो आबांच्या जीपचं पत्र्याचं सगळं काम करायचा, तो पट्टी म्हणायचा. आबा त्याला वळचण म्हणायचे. "घराला वळचण नसली तर भिताड भिजतं. चाकाला नसली तर मान्सं भिजत्यात." कासमने तीन नमुने जमवून ठेवले होते. पुढच्या रविवारी दोघांनी जायचं, तिने नावं ठेवायची, असं ठरलं होतं.

तो रविवार आला नाही. ज्येष्ठात एका दुपारी आबा कांद्याच्या चाळीत टेकून बसले आणि उठले नाहीत.

श्रावणात स्नेहलने पहिल्यांदा जीप एकटीने बाहेर काढली. ठमाबाईंना मंचरला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. रस्त्यात पाण्याची डबकी. उघड्या चाकांनी चिखल असा उडवला की ठमाबाई मंचरला पोचल्या तेव्हा त्यांच्या लुगड्याचा मूळ रंग विचारावा लागला असता. स्टँडजवळ दोन माणसं आपापले पांढरे सदरे पुढे धरून शिव्या देत धावली.

"ही जीप हाय का रंगपंचमी?" ठमाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "काढ ती राक्षसाची चाकं. जुनी घाल. रखमाला काय म्हातारपनी खूळ लागलं व्हतं."

फोनवर अमृतचंही तेच म्हणणं. "ताई, कशाला घोळ घालतेस? जुनी चाकं आहेत ना गोठ्यात? मी रविवारी येतो, तासाभराचं काम आहे, चढवून टाकतो. तू तरी कुठे जाणार आहेस आता घाटघरला?"

तो वाईट बोलला नव्हता. पण फोन ठेवल्यावर स्नेहल गोठ्यात गेली, जुन्या गुळगुळीत चाकांकडे बघत उभी राहिली, आणि तिला कळलं की तिला हे होऊ द्यायचं नाही. आबांनी शेवटचं मनात घेतलेलं काम अर्धं राहिलं होतं. अर्धं राहिलेलं काम पुरं करता येतं किंवा पुसता येतं. रविवारी ते पुसलं जाणार होतं, तेही प्रेमाने, तासाभरात.

शनिवार दुपारचं कॉलेज सुटल्यावर ती जुन्नरला गेली. कासमचं दुकान जुन्या पेठेच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये. तो एका टेम्पोच्या दाराला ठोकत होता. तिला बघून हातोडा खाली ठेवला, डोक्यावरची टोपी सारखी केली. आबांच्या दहाव्याला तो निरगुडसरला येऊन गेला होता, त्यामुळे आता बोलायचं काही उरलं नव्हतं. त्याने स्टूल पुढे केलं. आबांना तो भाऊ म्हणायचा.

"नमुने हायत ताई. भाऊंनी सांगितले तसे ठेवलेत. विकले नाय."

त्याने चार-चार पट्ट्यांचे तीन जोड भिंतीला टेकवून मांडले. एक काळ्या जाड रबराचा. एक फायबरचा, रुंद, गुळगुळीत, कडेने चकचकीत बोल्टांची माळ. तिसरा पत्र्याचा, कासमने स्वतः ठोकून केलेला, पुढून जरा नाकाड.

स्नेहलने बघितलं. नावं आपोआप येऊ लागली. रबर उन्हात मऊ पडेल, वैशाखापर्यंत ओघळेल. फायबर दिसायला राजबिंडं, पण चावंडच्या पुढे पहिला दगड बसला की तडा. आणि इतकं रुंद की करवंदीच्या जाळीत अडकून निघेल. पत्रा गंजेल, खडे उडाले की टीनटीन वाजेल, आणि स्टिअरिंग पुरतं वळवलं की चाक आतल्या कडेला घासेल. तिने हे सगळं मोठ्याने म्हटलं, नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या जोरात. म्हणून झालं आणि ती सवयीने उजवीकडे वळली.

उजवीकडे टेम्पोचं दार उभं होतं.

"बरोबर हाय तुमचं," कासम म्हणाला. "सगळं बरोबर हाय. पन तिन्ही माल चांगला हाय."

"तुम्ही यातली कुठली बसवाल, कासमभाई?"

"तुमी सांगाल ती."

"तुमची स्वतःची जीप असती तर?"

"ताई, मी दुकानात मालाला नावं नाय ठेवत. बरकत जाते. माझ्या अब्बांनी शिकवलेलं." तो जरा हसला. "नावं तुमी ठेवायची, घ्यायचं भाऊंनी, मी चा मागवायचा. असं चालायचं ना आपलं?"

चहा आला. स्नेहलने बशीत ओतला आणि तो गार होईपर्यंत त्या तीन जोडांकडे बघत बसली. तिन्हींच्या खोडी तिला सारख्याच दिसत होत्या. कशाला किती नावं ठेवली ते मोजायला आणि त्यातलं खरं कुठलं ते ओळखायला दुसरं माणूस लागतं. स्वतःच ठेवलेली नावं स्वतःला ऐकू येत नाहीत. इतकी पुस्तकं वाचून तिला हे आज कासमच्या शेडमध्ये कळत होतं आणि सांगायला कोणी नव्हतं.

"उद्या सकाळी उघडं असतं का दुकान?"

"तुमच्यासाठी उघडतो. सकाळी लवकर या, दुपारी मला ओतूरला शादीत जायचंय."

घरी आली तर ठमाबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या.

"कुठं गेल्तीस?"

"जुन्नरला. चाकांच्या वळचणी बघायला."

ठमाबाईंचा हात थांबला. "पोरी, वरीस फिरलं न्हाई अजून. सनवार न्हाई केला आपुन, दाराला तोरान न्हाई लावलं. आन तू गाडी नटवाया निघालीस? मान्सं काय म्हनतील? बाप गेला आन हिला मोकळं रान."

"नटवायची नाही, आत्या. चिखल उडतो म्हणून."

"मंग जुनी चाकं घाल. अमृत उद्या येतोय."

स्नेहल त्यांच्याजवळ बसली आणि शेंगा फोडू लागली. ही बाई सकाळी उठल्यापासून नावं ठेवत असते, स्नेहलच्या मनात आलं. दूधवाल्याला, पावसाला, टीव्हीवरच्या सुनांना, स्वतःच्याच गुडघ्यांना. घरात नावं ठेवणाऱ्या दोघी होत्या आणि आबांनी बाजाराला मात्र एकीलाच नेलं.

"आत्या, उद्या माझ्याबरोबर जुन्नरला चल."

"मी? मला काय कळतंय त्यातलं? आन दुखवट्यात मी दुकानं न्हाई चढायची."

"घ्यायला नाही म्हणत. नावं ठेवायला चल." स्नेहल शेंगांकडे बघत म्हणाली. "माझ्या बारशाला कोणी ठेवलं होतं नाव?"

"मी. दुसरं कोन ठेवनार?"

"मग. नाव ठेवायचा मान आत्याचाच असतो ना?"

ठमाबाईंनी तिच्याकडे बघितलं. तोंडाला पदर लावला. हसू दाबत होत्या की आणखी काही, ते कळलं नाही.

"लई द्वाड हायस," त्या म्हणाल्या. "पुस्तकं वाचून मान्साला गुंडाळाया शिकलीस."

सकाळी अमृत यायच्या आधीच दोघी निघाल्या. ठमाबाईंनी अंगावर जुनं लुगडं आणि त्यावर युरियाच्या गोणीची खोळ पांघरली होती. नारायणगावपर्यंत खोळीवर इतका चिखल बसला की तिचा ताठ पत्रा झाला. जुन्नरला पोचल्यावर त्या उतरल्या, खोळ झटकली, आणि शेडच्या दारातूनच बोलायला सुरुवात केली.

"हेच का ते? कासमभाऊ, भंगाराचं दुकान कवा टाकलं?"

"या आजी, बसा."

"बसाया न्हाई आले. नावं ठेवाया आले."

कासमने स्नेहलकडे बघितलं. मग दारातून चहावाल्याला हाक मारली.

ठमाबाई पहिल्यांदा रबरापुढे उभ्या राहिल्या. बोटाने दाबलं. "ही मऊ. नव्या सुनंवानी. चार म्हयनं सासूला आय आय करंल, मंग लोंबंल." पुढे सरकल्या. फायबरच्या बोल्टांवरून हात फिरवला. "ही लगीनघरची. बोरमाळ घालून आलीया. दुखवट्याच्या घरात न्यायची न्हाई." त्यांनी एवढंच म्हणून ती सोडून दिली.

मग पत्र्याचा जोड.

"आन ही कोन? कोरी हाय का?"

"नाय आजी. पडलेल्या टेम्पोच्या पत्र्याची केली. पत्रा जाड व्हता म्हनून ठेवला व्हता मी."

"म्हंजी दुसऱ्याच्या घरची. बघ, कडा बघ कशी. सरळ न्हाई. हितं ठोक्याचं वन राह्यलंत, देवी आलेल्या मान्साच्या तोंडावानी. रंग लावलास तरी दिसनार. आन वाजंल ही, पार आळंफाट्यापतुर ऐकू जाईल ठमाबाई आली म्हनून. गंजंल. पावसाळ्यात हिला त्याल पाजावं लागंल म्हशीवानी. आन हे काय?" त्यांनी पुढच्या बाजूचं ते नाकाड टोक धरलं. "हे किती म्होरं आनलंस? टोपीचा कोपरा दिसतोय. मापाची न्हाई ही. थोरल्याची टोपी धाकट्याला घातल्यागत. आमच्या बापानं रखमाला साळंत घातला तवा थोरल्या चुलत्याची टोपी दिलती. पार डोळ्यावर यायची. एका हातानं टोपी धरून चालायचा, दुसऱ्या हातानं माझं बोट. मी म्हनायची, अरं टोपी सोड, तर म्हनायचा, मंग मला रस्ता दिसत न्हाई. म्हंजी टोपी सोडली तर…"

त्या थांबल्या. हात त्या पत्र्याच्या टोकावर तसाच राहिला. कासम चहाचे पेले घेऊन दारात उभा होता, तो तिथेच थांबला.

"लई वाईट हाय ही," ठमाबाई हळू म्हणाल्या. "सगळ्यांत वाईट हीच."

"हीच घेऊ," स्नेहल म्हणाली.

"एवढी नावं ठिवली तरी?"

"हो."

ठमाबाईंनी नाक ओढलं, कासमच्या हातातला एक पेला उचलला आणि "मी गाडीत बसते, हितं लई लोखंडाचा वास येतो," म्हणत बाहेर गेल्या. त्यांचं काम झालं होतं.

कासमने पेले बाकावर ठेवले. "पक्कं ना ताई? मडगार्डाला भोकं पाडावी लागतील. येकदा पडलं की पडलं, परत बुजत नाय. जुनी चाकं घातली तरी भोकं दिसनार."

"पाडा."

"खूण तुमी करा. कुठवर खाली घ्यायची ते मालकानं सांगायचं असतं."

त्याने खडूचा तुकडा पुढे केला. त्याने पत्र्याची पट्टी मडगार्डावर धरली, तिने खाली वाकून चाकाची बाहेरची कड बघितली. आत बसून स्टिअरिंग एका बाजूला पुरतं वळवलं, उतरून पुन्हा बघितलं, मग दुसऱ्या बाजूला. घासत होतं. पट्टी बोटभर वर घ्यायला लावली. मग घासेना, पण चाकाची थोडी कड उघडी राहू लागली. त्या तेवढ्या कडेवरून चिखल उडणारच. घासायचं की उडायचं. ती ओणवी होऊन विचार करत राहिली. कासम पट्टी धरून उभा होता, घाई करत नव्हता.

अशा वेळी आबा काय करायचे, हे आठवायचा तिने प्रयत्न केला, आणि आठवेना. एवढ्या वर्षांत, एवढ्या दुकानांत, नावं ठेवून झाली की ती वळून बाहेर यायची. जीपमध्ये बसून पुस्तक उघडायची, आबा येईपर्यंत. हात पुसताना ते दिसायचे, की तिची पाठ फिरायची. त्यापुढे आत त्यांनी कशाला हात लावून बघितला, कुठे थबकले, चेहरा कसा झाला, "हीच" म्हणून झाल्यावर त्यांना धास्ती वाटली का, हे तिने एकदाही बघितलं नव्हतं. ती समजत होती की अवघड काम तिचं होतं. आबा तेवढे "हीच" म्हणून मोकळे होत.

बाहेर जीपच्या मागच्या बाकावरून ठमाबाईंचा आवाज आला. त्या चहाला नावं ठेवत होत्या. आलं नाही, साखर जास्त, पेला खरकटा.

स्नेहलने खडूने मडगार्डावर खूण केली. उडू दे थोडा, असं ठरवून, वरच. रेघ जरा तिरकी झाली. तिने ती पुसली नाही, आणखी दोन खुणा केल्या.

"बरोबर?" तिने विचारलं.

कासम रेघेकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर काहीतरी येऊन थांबलेलं दिसलं, पण तो दुकानात होता.

"तुमी सांगाल तसं, ताई," तो म्हणाला आणि ड्रिल उचलली.

आवाज सुरू झाला. हिरव्या रंगाचा भुगा उडाला, मग खालचा लाल प्रायमर, मग चमकतं लोखंड. पहिलं भोक पडलं. कासमने ड्रिल काढून फुंकर मारली आणि दुसऱ्या खुणेवर टेकवली. स्नेहलने एका हाताने पट्टी धरली होती. पत्र्याची धार तळव्याला लागत होती. तिने हात सरकवला नाही, चारही चाकांची भोकं होईपर्यंत ती तशीच एकेका चाकापाशी बसत गेली.